वनहक्काच्या दाव्यासाठी नकाशा कसा करायचा

जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, येणारे आपले बरेच लोक बडोद्यात आहेत आणि छोटाउदेपूर, नर्मदा जिल्ह्यातली राठवा-वसावा आदिवासींची गावं काही लांब नाहीत, म्हणून लिहितोय. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला हक्क मिळतो, ४ हेक्टरपर्यंत, पण जमीन नेमकी कुठली ते दाखवावं लागतं ना, तिथे नकाशा कामाला येतो.

आधी गावाच्या वनहक्क समितीला भेटा, त्यांनी बोलावलं तरच मोजणी. मोबाईलवर ट्रॅक रेकॉर्ड करणारं कुठलंही अ‍ॅप चालेल, रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त मागचा नकाशा घरूनच डाऊनलोड करून न्या. कसणारा पुढे, तुम्ही मागे, बांधाबांधाने पूर्ण फेरी मारायची आणि शेजारच्या शेतवाल्याला सोबत घ्यायचंच, बांधाचा वाद तिथे उभं राहूनच मिटतो. दाट झाडीत लोकेशन उड्या मारतं, म्हणून कोपऱ्यावर जरा थांबून पॉईंट घ्या. साग उन्हाळ्यात पानं टाकतो, तेव्हा गेलात तर बरं.

वाटेत विहीर, बांध, जुनं घर, स्मशान, देवाची जागा, सगळ्याचे फोटो लोकेशनसकट घ्या. हे कायद्याने पुरावे आहेत, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा, आणि दाव्याला निदान दोन पुरावे लागतात.

मग क्यूजीआयएसमध्ये, ते नकाशे करायचं सॉफ्टवेअर आहे आणि फुकट आहे, ट्रॅक जुन्या सॅटेलाईट फोटोवर टाका. इथे मात्र सांभाळून! २००५ च्या सुमाराचा फुकट मिळणारा लँडसॅट उपग्रहाचा फोटो ३० मीटरचा, एक पिक्सेल ३० बाय ३० मीटर, म्हणजे एक एकर शेत जेमतेम साडेचार पिक्सेल, त्यात बांधावर चार मोहाची झाडं असली की शेत जंगलच दिसतं. म्हणूनच २०१२ च्या नियमांत लिहिलंय की सॅटेलाईट फोटो इतर पुराव्यांना जोड आहे, त्यांच्या जागी चालणार नाही. फोटोत दिसत नाही म्हणून ग्रामसभेच्या वरच्या उपविभागीय समितीने दावा नाकारला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करायचा, सोडून द्यायचं नाही.

सगळ्या गावाने मिळून करायच्या सामूहिक दाव्यात गावाची जुनी शीव येते, चराई, मोह, टिमरूची (तेंदूची) पानं, पाणी, आणि ते जंगल राखायचा हक्कही. ही फेरी शेजारच्या गावातल्या जाणत्यांना घेऊनच करा. औषधी झाडं, देवाच्या जागा ऑनलाईन नकाशावर टाकू नका, गावाने हो म्हटल्याशिवाय तर अजिबात नाही.

नावं गावात म्हणतात तीच, गुजरातीत, मोठ्या अक्षरात. प्रिंट ग्रामसभेत भिंतीला लावा, चुकलेली रेघ कोणीतरी बोट ठेवून दाखवतंच, ती दुरुस्त करा आणि फाईल, प्रिंट दोन्ही समितीच्या ताब्यात द्या.