सामूहिक दुर्घटनेत रुग्णालयाने पहिल्या तासात काय करावे

शहरात इमारत कोसळली किंवा स्फोट झाला की सर्वांत आधी दारात येतात ते बहुधा स्वतः चालू शकणारे, किरकोळ जखमी. गंभीर जखमी रुग्णवाहिकेतून नंतर पोहोचतात. म्हणून सूचना मिळताच प्रमुखाने आपत्ती योजना लागू करून नियोजित शस्त्रक्रिया थांबवाव्यात, स्थिर रुग्णांना वॉर्डात किंवा घरी पाठवून अपघात विभाग रिकामा करावा आणि रक्तपेढीला सावध करावे.

जखमींचे गंभीरतेनुसार वर्गीकरण प्रवेशद्वाराबाहेरच, अनुभवी डॉक्टरच्या हातून व्हावे. चालू शकणाऱ्यांना हिरवी पट्टी बांधून वेगळ्या जागी न्यावे. उरलेल्या प्रौढांपैकी ज्याचा श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त आहे, ज्याच्या मनगटाची नाडी लागत नाही किंवा जो साधी आज्ञा पाळत नाही, त्याला लाल, म्हणजे तातडीच्या उपचारांची पट्टी द्यावी, तर थांबू शकणाऱ्यांना पिवळी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास न घेणाऱ्याला काळी पट्टी देणे मनाला जड जाते, परंतु तिथे गुंतलेले हात वाचू शकणाऱ्या रुग्णापासून दूर राहतात. वाहता रक्तस्राव मात्र तिथल्या तिथे थांबवावा. पट्टी कायमची नसते. प्रकृती बदलते, त्यामुळे तपासणी पुन्हा पुन्हा करावी.

शस्त्रक्रियागृहात रक्तस्राव आणि दूषितता (जसे फुटलेल्या आतड्यातून पसरणारी घाण) रोखण्यापुरतेच काम करून उर्वरित दुरुस्ती पुढे ढकलावी. अनोळखी रुग्णाला आधीच छापलेला क्रमांक द्यावा आणि नातेवाइकांसाठी माहिती कक्ष उपचारकक्षापासून दूर ठेवावा.