पहिलं वर्ष इंजिन उघडायचं नाही

2014 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एका वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागेतून मी जुना मिनी ट्रॅक्टर उचलून आणला. 2012-13 च्या दुष्काळात ती बाग गेली होती. झाडं सरपणाला गेली, मालक मुलाकडे शहरात गेला आणि ट्रॅक्टर लिंबाखाली उभा राहिला तो राहिलाच. मित्सुबिशी शक्ती, 18.5 एचपी, तीन सिलिंडर. 55,000 रुपयांत सौदा झाला. टेम्पोत घालून सेलूजवळच्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आणला, तेव्हा आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बैल मेला तर पुरता तरी येतो. ह्याचं काय करायचं?"

मी शाळेत गणित शिकवतो. शेती भाऊ बघतो. तोवर मेकॅनिकीशी माझा संबंध सायकलच्या पंक्चरपलीकडे गेलेला नव्हता. आज आखाड्यावर तीन जुन्या मशिनी आहेत आणि आजूबाजूच्या गावांतली हौशी पोरं रविवारी येऊन बसतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच अट घालतो: पहिलं वर्ष इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायचं नाही. हेड तर नाहीच, फ्युएल पंपालाही पाना लावायचा नाही. ही अट मला 19,000 रुपयांना पडली आहे. कशी ते सांगतो.

बॅटरी बदलली, डिझेल बदललं, एअर काढली आणि ट्रॅक्टर चक्क चालू झाला. पहिल्याच दिवशी! मी पेढे वाटायचा बाकी होतो. पण वीस मिनिटं चालला की आवाज जड व्हायचा, दोनदा खोकायचा आणि बंद. थोडं थांबून डिझेल टाकलं की पुन्हा चालू, पुन्हा वीस मिनिटं. मला वाटलं, टाकीत डिझेल कमी पडत असेल. टाकी गच्च भरली, तरी तेच. मग फिल्टर बदलला. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "पंप गेला सर." पंप काढून लॅबला दिला, 7,000 घालवले. तरी तेच. दुसऱ्याने सांगितलं, "गरम झाल्यावर बंद पडतोय म्हणजे कॉम्प्रेशन गेलं," म्हणजे सिलिंडर हवेचा दाब धरत नाही. त्या सुट्टीत मी मोबाइलवर व्हिडिओ बघत स्वतः हेड उघडलं. व्हॉल्व्ह घासून आणले आणि जुनंच गॅस्केट (हेडखालच्या सांध्यातला पातळ थर) चांगलं दिसतंय म्हणून परत बसवलं. बोल्ट एका कडेने सुरू करून दुसऱ्या कडेपर्यंत आवळत गेलो, जसं खाटेचं सुंभ ओढतात तसं. चार दिवसांनी डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) ओढली तर ऑइल चहात दूध घातल्यासारखं. गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. (हेडचे बोल्ट मधून सुरू करून कडेकडे जायचे, तीन फेऱ्यांत थोडे थोडे, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्याने. आणि काढलेलं हेड गॅस्केट पुन्हा लावायचं नसतं, मग ते दिसायला कितीही कोरं असो.)

शेवटी परभणीहून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. नवं गॅस्केट टाकून त्यांनी हेड बसवलं, ट्रॅक्टर चालू केला आणि खाटेवर जाऊन बसले. मी पाना घेऊन जवळ गेलो की म्हणायचे, "अब्बी हाथ नको लगाव मास्तर." विसाव्या मिनिटाला ट्रॅक्टर खोकला. चाचा उठले आणि टाकीचं टोपण फिरवलं. फुस्स आवाज झाला, हवा आत ओढली गेली. इंजिन बंद पडता पडता सावरलं आणि चालत राहिलं.

टोपणाला आतून-बाहेरून एक बारीक भोक असतं. डिझेल खर्च होईल तशी त्यातून टाकीत हवा जायला हवी. दोन वर्षं लिंबाखाली उभ्या मशिनीच्या त्या भोकात कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधलं होतं. चाचांनी दाभणाने ते कोरून काढलं. डिझेल टाकायला मी दर वेळी टोपण उघडत होतो म्हणूनच ट्रॅक्टर चालू होत होता, हे तेव्हा डोक्यात आलं. खूण दररोज डोळ्यासमोर होती. गणिताच्या मास्तरला ती दिसली नव्हती.

पहिल्या वर्षी मग करायचं काय? आधी धुवायचं. रॉकेल किंवा डिझेल, ब्रश, पत्र्याची खरवड आणि दोन दिवस. दहा वर्षांचा चिखल आणि ग्रीस निघाल्याशिवाय गळती कुठून आहे ते कळतच नाही. ऑइल खाली टपकतं एका जागी आणि निघतं दुसऱ्या. पुसून कोरडं केल्यावर दहा मिनिटं चालवा आणि कुठला जोड पहिल्यांदा ओला होतो ते बघा. ग्रीसच्या निपला, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोंडं, मोजून वहीत लिहा. माझ्या मशिनीच्या चार निपला रंगाखाली गाडल्या गेल्या होत्या, आधीच्या मालकाला त्या आहेत हेच माहीत नव्हतं.

मग हवा. आपल्याकडची काळ्या रानाची धूळ पिठासारखी असते, ती इंजिनात गेली की लायनर-पिस्टनला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. जुन्या मशिनींत बहुधा ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे ऑइलमधून हवा गाळणारा डबा, असतो. खालची वाटी उघडून गाळ काढायचा, जाळी रॉकेलमध्ये धुवायची आणि खुणेपर्यंतच ऑइल भरायचं. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा हिशेब इथे चालत नाही, जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं. मोगडा किंवा रोटाव्हेटर कोरड्या रानात चालत असेल तर हे काम रोज संध्याकाळी करायचं. माझ्या मते जुन्या मशिनीचं आयुष्य ह्या वाटीत ठरतं, पण लोक ऑइलच्या ब्रँडवर तासन् तास वाद घालतात आणि वाटी वर्षानुवर्षं उघडत नाहीत.

डिझेलमध्ये हवा शिरली की ट्रॅक्टर चालू होत नाही, हे नव्या माणसाला सगळ्यात जास्त रडवतं. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि हाताने प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप) दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार येत असतानाच, प्रायमर दाबून धरलेला असतानाच स्क्रू आवळायचा. सोडून आवळलात तर हवा पुन्हा आत. तरीही चालू झाला नाही तर नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे) जाणाऱ्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल उडायला लागलं की आवळायचे. तेव्हा तोंड जवळ नेऊ नका, हातही धारेत धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं.

धूर बघायला शिका. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे आधी तीच वाटी. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी. थंडीत पहाटे दोन मिनिटं पांढरा धूर आला म्हणून घाबरू नका.

पाण्याचं आपल्या भागात वेगळं दुखणं आहे. बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्यावर पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मी पावसाचं पाणी पत्र्यावरून निळ्या ड्रममध्ये धरून ठेवतो आणि कूलंट मिसळून तेच वापरतो. जुना थर काढायला कपड्याचा सोडा पाण्यात घालून इंजिन थोडा वेळ चालवतात, मग दोन-तीनदा स्वच्छ धुतात. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला हे चालतं, ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला चालत नाही, सोडा त्याला खातो.

सुट्या भागांसाठी मोंढ्याच्या रस्त्यावर फिरताना मॉडेलचं नाव सांगू नका, जुना भाग पुसून पिशवीत घेऊन जा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि तो कुठल्याही कंपनीत सारखाच. 6205 म्हणजे आतलं भोक 25 मिलिमीटर (शेवटचे दोन आकडे गुणिले पाच), बाहेरून 52, जाडी 15. हे कळल्यावर ट्रॅक्टरच्या दुकानात 'मिळत नाही' म्हणून परत आलेलं माझं बेअरिंग पंपाच्या दुकानात मिळालं होतं. ऑइल सीलवरही मापं छापलेली असतात. पाने घेताना मात्र बघून घ्या. जपानी वळणाच्या मशिनींना मिलिमीटरचे पाने लागतात, विलायती वळणाच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना इंची. जवळपास बसणारा पाना बोल्टची डोकी गोल करून टाकतो. गंजलेल्या बोल्टवर आधी ऑइल-डिझेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हलके ठोके मारा आणि मग पाना लावा.

मशीन कुठली घ्यावी? परदेशात ज्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात, 1961 चा कब कॅडेट किंवा 1963 चा जॉन डिअर 110, ते बहुतेक पेट्रोलवरचं, बंगल्यामागचं गवत कापणारं यंत्र. त्याचे फोटो बघून छंद लागला तरी आपल्याकडे तसलं शोधत बसू नका. इथे बागेत आणि कापसाच्या ओळीत चालणारा डिझेलवरचा मिनी ट्रॅक्टर नाहीतर पॉवर टिलर (मागून हाताने धरून चालवायचं नांगरटीचं मशीन) घ्या. जुनं आणि सोपं हवं असेल तर आयशरचं हवेने थंड होणारं एक सिलिंडरचं मशीन शिकायला झकास. रेडिएटरच नाही, म्हणजे निम्मी डोकेदुखी गेली. आयशरने फरिदाबादला 1959 मध्ये ट्रॅक्टर बाहेर काढला, देशात तयार झालेल्या पहिल्या ट्रॅक्टरांत त्याची गणना होते. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं केंद्राने 2016 मध्ये ठरवलं, पण रानात इतकी मशिनी आहेत की भाग अजून मिळतात.

कागद नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. आरसी 15 वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला एनओसी आणि फॉर्म 35. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी जुळवा. सौद्याच्या आधी, नंतर नाही.

एका बाबतीत मी पोरांवर ओरडतो. पॉवर टिलरला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. इंजिन उलटं फिरलं की विळख्यातला अंगठा सुटत नाही, मनगट जातं. माझ्या भाच्याचं प्लॅस्टर दीड महिना होतं. लिफ्टने उचललेल्या अवजाराखाली शिरायचं नाही, नुसत्या जॅकवरही विश्वास नाही, खाली लाकडी ओंडके लावायचे. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला 540 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरणं, पदर, ढगळ शर्टाची बाही असला माणूस मी तिथे उभाच राहू देत नाही.

काम करायला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस चांगले. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही. मिरगाच्या आधी मशीन उभी करायची असेल तर टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दंव धरत नाही, बॅटरीची वायर सोडा, वायरिंगजवळ उंदरांसाठी डांबरगोळ्या टाका आणि सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा घाला.

दसऱ्याला पूजा करून चाचांसमोर सेल्फ मारला तेव्हा तो डबा काढायचा राहिला होता. तो उडाला तो थेट गोठ्यावर, म्हैस दावं तोडून रानात, आणि चाचा खाटेवरून न उठता म्हणाले, "इंजिन तो अच्छा है मास्तर."