जुन्या घराचं वायरिंग : नूतनीकरणात या चुका टाळा

जुनं घर दुरुस्तीला काढलं की खर्च फरशी, रंग आणि ओट्याकडे जातो. विजेच्या वाट्याला नवे मॉड्युलर स्विच येतात आणि आतली वायर तीच राहते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वाड्यांमध्ये लाकडी पट्टीवर ठोकलेली, वरून सुती वेष्टण असलेली रबरी वायर अजून सापडते. जागची हलवली नाही तोवर ती ठीक दिसते. बोर्ड बदलायला वायरमनने ती वाकवली की रबराचा भुगा होतो आणि तार उघडी पडते. म्हणजे नवा बोर्ड बसवतानाच बिघाडाची सोय होते. त्यानंतरच्या अनेक घरांत ॲल्युमिनियमची वायर आहे. तिला नवी तांब्याची वायर पीळ मारून जोडू नका. असा जोड हळूहळू गंजतो, सैल होतो, तापतो, आणि टेपखाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही. बोर्डाजवळ जळका वास येत असेल किंवा स्विच कोमट लागत असेल, तर आधी असा जोड शोधा.

जुन्या मेन बोर्डावर बहुतेकदा दोन किटकॅट (तार बांधायचे चिनी मातीचे फ्यूज) असतात, एक फेजला (वीज आणणाऱ्या वायरला) आणि एक न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या वायरला). न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात. ‘लाइट गेली’ म्हणून माणूस होल्डरमध्ये हात घालतो, पण फेज तिथे जिवंतच असतो. न्यूट्रलवरचा फ्यूज काढून तिथे थेट, पक्का जोड करून घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार बांधणं तर सरळ आगीला आमंत्रण. मग फ्यूजच्या आधी भिंतीतली वायर जळते. एमसीबीचंही (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचंही) तेच: १६ अँपिअरचा पडतोय म्हणून ३२ चा बसवला तर वायरचं रक्षण संपलं.

तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. मागे उघडून पाहा. कित्येक ठिकाणी अर्थची पिन रिकामी असते, किंवा न्यूट्रललाच जोडलेली असते. हा ‘जुगाड’ फार घातक आहे. न्यूट्रल कुठे तुटला की वॉशिंग मशीनचं पत्र्याचं अंगच शॉक देऊ लागतं. स्वतंत्र हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत न्या आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने करून तपासून घ्या. नळाच्या पाइपला जोडलेली अर्थिंग आता बाद समजा, कारण मधला तुकडा प्लास्टिकचा झालेला असतो.

आता नेहमीची तक्रार : ‘नवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तो सारखा पडतो. वायरमन म्हणतो, काढून टाकू.’ काढू नका. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच तो हाच. सगळे प्लग उपसा, एमसीबी खाली करा आणि एकेक वर करत जा. विशिष्ट एमसीबी वर करताच आरसीसीबी पडला तर त्या लाइनमध्ये गळती आहे. सगळे खाली असतानाही पडत असेल तर संशय न्यूट्रलवर घ्या. साधा एक पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, त्यामुळे ओल्या भिंतीत न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर तो तसाच राहतो. आणि जिन्यातला दिवा लावला की लगेच पडत असेल, तर बहुधा त्या दिव्याचा न्यूट्रल या आरसीसीबीच्या बाहेरच्या, दुसऱ्याच लाइनवरून उसना घेतलेला असतो. जुन्या घरांत हे सर्रास असतं. शंका राहिली तर मेन बंद करून, दिवे-उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं वेष्टण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) लाइन तपासायला सांगा. टेस्टर पेटला म्हणजे वायर चांगली, असं नाही.

दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची, पॉवर सॉकेटला अडीचची, एसीला चारची तांब्याची वायर, हा साधारण हिशेब. गिझर दोन हजार वॅटचा असला तरी ८-९ अँपिअर खेचतो, म्हणून त्याची लाइन वेगळी. एकूण भार वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज काम सुरू असतानाच करा.

वायरसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारताना भिंत कसली आहे ते पाहा. पांढऱ्या मातीच्या किंवा साडेचार इंची भिंतीत आडव्या झिऱ्या नकोत. तिथे वरून केसिंग-कॅपिंग (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) बरं, दिसायला थोडं कमी असलं तरी. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजायची टेप लावून, फोटो काढून ठेवा. पुढे सुतार किचनची कपाटं टांगायला येतो, तेव्हा ड्रिल कुठे मारायचं नाही हे त्याला दाखवता येतं.