केस गळतायत म्हणून विंचरणं सोडू नका: गुंता सोडवायची रीत

टायफॉइडमधून उठून अडीच महिने झाले आणि माझे केस गळायला लागले. कंगव्याला रोज इतकं गुंतवळ यायचं की मी घाबरून आठ दिवस कंगवाच हातात घेतला नाही. नवव्या दिवशी मानेमागे मुठीएवढा गोळा झाला होता. तो ओला करून, शॅम्पू चोळून सोडवायला गेले, तर दगडासारखा आवळला. शेवटी कात्री लावावी लागली. तापाने जेवढे केस नेले नव्हते, तेवढे त्या एका दुपारी गेले.

त्यानंतर बहिणीची दोन बाळंतपणं झाली, आईला चिकुनगुन्या झाला, भाचीने केस सरळ करून घेतले आणि तिच्या केसांचा चोथा झाला. सगळ्यांचे केस माझ्याच हाताखालून गेले. म्हणून ‘केस गळत असतील तर कमी विंचरा’ हा सल्ला ऐकला की मला राहवत नाही. तो सल्ला चुकीचा आहे. विंचरायची पद्धत बदलायची असते, विंचरणं थांबवायचं नसतं.

आधी गुंतवळ तपासा

गुंतवळ फेकायच्या आधी त्यातले दहा-बारा केस सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उजेडात नीट बघा. एका टोकाला मोहरीपेक्षाही बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो केस मुळापासून सुटलेला. ठिपका नाही आणि लांबीही अर्धवट, तर तो मधेच तुटलेला. ठिपकेवाले जास्त असतील तर कारण अंगात आहे, तुटके जास्त असतील तर ते आपल्या हातात, कंगव्यात नाहीतर पार्लरमध्ये आहे. बहुतेकींच्या कागदावर दोन्ही सापडतात.

रोज ५० ते १०० केस प्रत्येकाचेच जातात. तीन दिवसांनी न्हायलात तर तीन दिवसांचे एकदम दिसतात, त्याने हबकू नका. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपाशी राहून वजन उतरवणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती मुळापासूनची असते. आजारात खूपसे केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीला जातात आणि मग बरोबरीनेच गळतात. मूळ जिवंत असतं. अशी गळती साधारण सहा महिन्यांत थांबते, मग तुम्ही तेल बदला किंवा न बदला.

तपासणी

हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड एवढं डॉक्टरांना विचारून करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. बहिणीचं तसंच निघालं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आणि केसांच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांना तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. सुरुवातीला पाण्यावर, शॅम्पूवर संशय गेला. पुढे त्यांच्या रक्तात सेलेनियम हे खनिज फार जास्त आढळलं आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. हेच सेलेनियम केसांच्या कित्येक गोळ्यांमध्ये असतं. कमी पडलं तर द्यायची वस्तू जास्त झाली की केसच नेते. अ जीवनसत्त्वाचंही तसंच आहे.

गोल चकती पडली (चाई), भांग रुंद होत चालला, टाळूला खवले किंवा पू दिसला, किंवा सहा महिन्यांनीही गळती तशीच राहिली, तर घरगुती काही करत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

गुंता सोडवणं

सगळा खेळ इथे आहे. सुटलेला केस लगेच खाली पडत नाही, तो उरलेल्या केसांत अडकून राहतो. विंचरला नाही तर तो दोराचं काम करतो आणि आजूबाजूचे धडधाकट केस स्वतःभोवती बांधून घेतो. वेणी घालून झोपलं की उशीवर घासून मानेमागे पहिली गाठ बसते. केसाच्या अंगावर टोकाकडे तोंड केलेले बारीक खवले असतात. ओलं करून चोळलं की ते एकमेकांत रुततात, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळल्यावर आवळतो तसे. म्हणून गाठ असलेल्या केसांवर पाणी घालायचं नाही. आधी गाठ, मग न्हाणं. हा क्रम मी चुकवला होता.

दुपारचा निवांत तास काढा. घाईत हे होत नाही. ज्याचे केस आहेत त्याला पाटावर बसवा, तुम्ही मागे खुर्चीवर. केसांचे चार भाग करा आणि त्यातले तीन भाग चिमट्यांनी वर बांधून टाका. हातातल्या भागाला खोबरेल तेल लावा, गाठीवर जास्त, आणि वीस मिनिटं सोडून द्या. तेलाने केस गळायचे थांबत नाहीत. पण ते केसात मुरतं, घसरण देतं आणि न्हाण्याआधी लावलं तर धुण्यात होणारी केसाची झीज कमी करतं. कोंडा असेल तर टाळूला नको, फक्त लांबीला लावा.

आता डाव्या मुठीत ती बट गाठीच्या वर, डोक्याच्या बाजूला, घट्ट धरा. ओढ लागेल ती तुमच्या मुठीला लागली पाहिजे, मुळाला नाही. बरोबर धरलंय का ते समोरच्याच्या मानेवरून कळतं: मान हलली की तुमची मूठ सैल आहे. माझ्या आईला बोलायची गरजच पडली नाही, तिचे खांदे वर गेले की मी थांबायचे.

मग टोकापासून सुरुवात. शेवटचे दोन बोटं केस आधी नुसत्या बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने मोकळे करा. ते झाले की दोन बोटं वर सरका. वरून खाली कंगवा ओढला की वाटेतल्या सगळ्या लहान गाठी एकत्र जमून खाली एक मोठी गाठ होते, आणि मग आपण केसांना दोष देतो.

मुख्य गाठीपाशी आलात की कंगव्याने विंचरणं थांबवा. गाठीच्या मधोमध शिरायचं नाही. तिच्या खालच्या कडेला सैल केस दिसतात, ते कंगव्याच्या शेपटीने, म्हणजे मागच्या निमुळत्या दांडीने, पाच-सहाच्या हिशेबाने बाजूला ओढून काढा. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग गाठ एकदम हलकी लागते आणि तिच्यातून मेलेल्या केसांचा पुंजका अख्खाच निघून येतो. तो बघून हात आखडू नका. ते केस पंधरा दिवसांपूर्वीच सुटलेले होते. सुटली नाही तर तेल लावून ठेवा आणि उद्या पुन्हा बसा. आईची गाठ तीन दुपारी चालली.

कोणी म्हणेल, ही जट आहे, देवीची आहे, हात लावू नका. आमच्याही दारात येऊन एक बाई बोलून गेल्या. जट म्हणजे असाच न सोडवलेला गुंता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांना जटांमधून मोकळं केलंय. वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर बाळगणाऱ्या बाईचं दुखणं मोठं असतं. ताज्या गाठीला हात लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

फणी या दिवसांत डोक्याजवळ आणू नका.

न्हाणं आणि वाळवणं

शॅम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे. पंचाने केस झटकायची सवय आजपासून बंद: ओला केस ताणला जातो आणि तुटतो. जुन्या सुती टी-शर्टमध्ये दाबून पाणी टिपा.

फुटलेली टोकं

केस मेलेला असतो, फुटलेलं टोक कशानेही सांधत नाही. दोन-अडीच महिन्यांनी अर्धा इंच कापा. भाचीचे सरळ केलेले केस वाचवायला आम्ही सहा महिने पैसे घातले, आणि शेवटी खांद्यापर्यंत कापल्यावरच ती नीट विंचरू शकली. महिन्याला साधारण अर्धा इंच केस वाढतात, म्हणजे वर्षभर लागणार, हे आधीच मनाशी धरा. गोटा केल्याने केस दाट येत नाहीत, मूळ कातडीखाली असतं आणि वस्तरा तिथे पोचत नाही. कांद्याच्या रसाने बहिणीच्या टाळूला पुरळ उठलं, तेव्हापासून आमच्या घरात तो बंद आहे. घट्ट आंबाडा आणि वर ओढून बांधलेली शेपटीही बंद, कपाळाकडचे केस त्यानेच मागे सरकतात.

गळती थांबल्यावर दोन-तीन महिन्यांनी कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे ताठ केस उभे राहतील. बायका त्यांना तुटलेले समजून तेलाने चापून बसवतात, चिमट्याने घट्ट दाबतात. ते नवे आलेले आहेत. त्यांची टोकं निमुळती असतात, आरशाजवळ जाऊन बघा, आणि तसेच उभे राहू द्या.