ब्लेंडरवरचा आकडा लगेच मिळतो, पण खरा असतो का? या चुका टाळा

गोळ्यांसाठी औषधाची पावडर मिसळणाऱ्या बिन ब्लेंडरच्या (फिरत्या डब्याच्या) झाकणावर एनआयआर (जवळच्या अवरक्त प्रकाशानं मोजणारा सेन्सर) बसवला की दर फेऱ्याला झाकण खाली येताच पावडरचा एक स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला याचा आलेख) मिळतो आणि औषधाचं प्रमाण स्क्रीनवर उमटतं. थीफ (पावडरचे नमुने काढायची नळी) घालून नमुने काढायचे, क्यूसीला (गुणवत्ता तपासणी विभागाला) पाठवायचे आणि एचपीएलसीच्या (प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या) निकालापर्यंत बॅच अडकवून ठेवायची, हा खोळंबा टळतो. म्हणूनच त्या आकड्यावर पटकन विश्वास बसतो.

आमची फसगत सरळ रेघेनं केली. एका बॅचला आकडा ठरलेल्या प्रमाणाच्या ९९ टक्क्यांवर बसला तो हललाच नाही. बिन रिकामा करून झाकण उतरवलं, तर एनआयआरसमोरच्या नीलमणी काचेवर दुधावर साय धरावी तसा पावडरचा थर चिकटलेला. कित्येक फेरे आम्ही तोच थर मोजत होतो! एनआयआरचा प्रकाश पावडरमध्ये फार खोल शिरत नाही, त्यामुळे पातळ थरसुद्धा घात करतो. चांगल्या ब्लेंडचा आकडाही दर फेऱ्याला थोडा खालीवर होतो. अजिबात हलत नसेल तर आधी काच बघा. झाकण वर गेल्यावर, पावडर काचेपासून सुटलेली असते तेव्हाही एक स्पेक्ट्रम घ्या. त्यात औषधाची खूण दिसली, तर काच माखली आहे.

दुसरी चूक कॅलिब्रेशनमधली (स्पेक्ट्रमवरून आकडा काढणारं गणिती मॉडेल तयार करण्यातली), आणि ती उशिरा कळते. त्यासाठी ठरलेल्या प्रमाणाच्या ७० ते १३० टक्के औषध असलेले नमुने करताना औषध वाढवलं की तेवढंच लॅक्टोज (भर म्हणून घातलेली दुधातली साखर) कमी करतात. मग मॉडेल औषधाऐवजी लॅक्टोजच मोजायला शिकू शकतं. एक्सिपियंटचं (औषधाखेरीजच्या घटकांचं) आपसातलं प्रमाणही बदलत ठेवा, वेगवेगळे लॉट आणि कणांचे आकार घ्या. ओलावाही विसरू नका. पाण्याचे ठळक पट्टे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास येतात. मे महिन्यात केलेलं मॉडेल जुलैच्या दमट हवेत, ओलावा धरलेल्या सेल्युलोजवर चुकू शकतं. बाटलीतल्या स्थिर पावडरवर बेतलेलं मॉडेल फिरत्या बिनवर थेट लावणंही धोक्याचं, कारण तिथे पावडर वेगळी दबते.

२०० मिलिग्रॅमच्या गोळीसाठी ढीगभर पावडरची सरासरी काढू नका, त्यात गुठळ्या लपतात. आकडा मर्यादेत पहिल्यांदा आला म्हणून ब्लेंडर थांबवू नका, सलग काही फेरे तो तिथेच राहू द्या. पण मॅग्नेशियम स्टिअरेट (पावडर यंत्राला चिकटू नये म्हणून घालायचं वंगण) घातल्यानंतर जास्त फिरवूही नका. गोळी मऊ पडते, विरघळायला वेळ लावते, आणि एनआयआरवर औषधाचं प्रमाण मात्र ठीकच दिसत राहतं.

बिनमधून हॉपरमध्ये (गोळी यंत्रावरच्या नरसाळ्यात) पडताना बारीक आणि जाड कण पुन्हा वेगळे होऊ शकतात. जमत असेल तर टॅब्लेट प्रेसच्या फीड फ्रेमवरही (पावडर साच्यांत भरणाऱ्या भागावरही) एक एनआयआर प्रोब लावा. डायमध्ये (गोळीच्या साच्यात) जाणारी पावडर तिथेच दिसते.