वाखेनिंगेनला प्लांट सायन्सेस करायला येताय? आधी कर्जाचा आकडा मांडा

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की राहुरी, दापोली, अकोला, परभणीकडच्या बीएस्सी ॲग्रीवाल्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, "दादा ॲडमिशन झालं, लोन पण मिळतंय, येऊ ना?" नेदरलँड्समधली वाखेनिंगेन युनिव्हर्सिटी उत्तमच आहे, त्याबद्दल शंका नको. पण इथे बियाणं कंपनीत नवीन माणसाला मिळणारा पगार आयटीवाल्यासारखा नसतो, त्यामुळे आयटीतल्या मित्राने तेवढंच लोन काढून पाच वर्षात फेडलं म्हणून आपलंही फिटेल असं धरून चालू नका.

आता आकडे बघू. युरोपबाहेरच्यांना फी वर्षाला २० हजार युरोच्या वर, राहायला-खायला महिन्याला साधारण ११०० युरो, दोन वर्षांचा कोर्स. युरो १०० रुपये धरला तर ६५ ते ७० लाख होतात. समजा घरचे आणि इकडून तिकडून जमवून ४० लाखांचंच कर्ज काढलं, ११ टक्के व्याजाने, दोन हप्त्यात उचललं. कोर्स आणि पुढचं एक वर्ष ईएमआय नसतो पण व्याज चालूच असतं, ते साधं व्याज धरलं तरी ११ लाख होतं. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर ५१ लाख, आणि १० वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला ७० हजार रुपये, म्हणजे ७०० युरो.

पहिली नोकरी ३००० युरो ग्रॉसची धरा. हातात अडीच हजारांच्या आसपास येतात. त्यातून छोट्या स्टुडिओचं भाडं ९०० तरी, हेल्थ इन्शुरन्स दीडशेच्या वर, किराणा ३००, प्रवास-फोन-बारीकसारीक दीडशे. उरले हजार, त्यातले सातशे बँकेला. तीनशे युरोत तुमचं विमानाचं तिकीट पण आलं आणि घरी आजारपण निघालं तर ते पण आलं. जमतं, अशी जमवणारी मुलं मी बघितलीत, पण मधे चार महिने नोकरी नसली की बाबांना पैसे मागायची वेळ येते आणि त्या वर्षी कांद्याला भाव नसेल तर काय करणार?

तारणाचं पण आधीच समजून घ्या. घरी पाच एकर बागायत आहे म्हणून निश्चिंत राहू नका, सातबारा नेऊन दाखवला तरी बहुतेक बँका शिक्षण कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत कारण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, बँकेला तशी जप्ती आणता येत नाही. त्यांना एनए प्लॉट, घर नाहीतर एफडी लागते. ते नसलं की पोरं विनातारण देणाऱ्या फायनान्स कंपनीकडे जातात आणि तिथे व्याज वाढतं. आणि कर्जाच्या व्याजावरची ८०ई ची जी टॅक्स सूट सगळे सांगतात ती पगारदार पालकांच्या कामाची, शेतीच्या उत्पन्नावर मुळात इन्कम टॅक्सच नाही तर सूट कशातून घेणार.

मला विचाराल तर प्लांट सायन्सेसमध्ये दुसऱ्याच्या पैशाने शिकायचे रस्ते खूप आहेत, ते आधी चाचपा. एमएस्सी तिकडेच करा, आयसीएआरच्या परीक्षेतून सीट आणि स्टायपेंड मिळाला तर फारच छान, आणि मग पीएचडीला इकडे या. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही चार वर्षांची नोकरी असते, सुरुवातीला साधारण ३ हजार युरो ग्रॉस, सुट्ट्या आणि पेन्शनसकट. सध्या सरकारी बजेट कपातीमुळे जागा कमी निघतायत हे खरं, पण एकही रुपया कर्ज नाही. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्यातून उभ्या राहिलेल्या लँड ग्रँट युनिव्हर्सिट्यांत थीसिसवाल्या एमएसला असिस्टंटशिप मिळू शकते, आठवड्याला २० तास प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर काम, फी माफ आणि वर स्टायपेंड. त्यासाठी अर्जाच्या आधी प्रोफेसरला ईमेल करावा लागतो, त्यांचे पेपर वाचून. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची शिष्यवृत्ती, ज्यात बसत असाल ती भराच. युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची अट असते, त्या वर्षीची यादी बघून घ्या.

एवढं करूनही कर्ज काढूनच येणार असाल तर स्पेशलायझेशन नीट निवडा. ग्रीनहाऊस हॉर्टिकल्चर मस्त विषय आहे पण ग्रोअरबरोबर काम करायचं तर डच यावंच लागतं, पहिल्या दिवसापासून शिका. ब्रीडिंगमध्ये इंग्रजीवर निभतं, आणि त्याला आर (डेटासाठीची प्रोग्रामिंग भाषा) आणि स्टॅटिस्टिक्सची जोड असेल तर मागणी चांगली असते. ज्याला डेटा हाताळता येतो त्याचा फोन आधी वाजतो. चार महिन्यांची इंटर्नशिप लॅबमध्ये घालवू नका, एंकहाउझेनकडच्या बियाणं कंपन्यांत करा, माझ्या बघण्यात बहुतेकांना नोकरी तिथूनच लागली. जालन्यात बेजो शीतल किंवा महिकोमध्ये कोणी ओळखीचं असेल तर त्यांना या क्षेत्राबद्दल विचारा, बेजो मूळची नेदरलँड्सचीच. पण परत जाऊन जालन्याच्या पगारात ७० हजारांचा हप्ता निघेल असं समजू नका.

पार्टटाइमच्या भरवशावर फी काढू नका, आठवड्याला १६ तासच किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ काम करता येतं आणि त्यालाही मालकाला परमिट काढावं लागतं. खोलीसाठी आयडिआलिस या विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या संस्थेकडे ॲडमिशन कन्फर्म झाल्या दिवशी नाव नोंदवा.

आणि डिग्रीनंतर झूकयार (नोकरी शोधण्यासाठीचं परमिट) घ्याच, नोकरी शोधायला एक वर्ष मिळतं. त्यातून किंवा डिग्रीनंतर ३ वर्षांच्या आत थेट हायली स्किल्ड मायग्रंटच्या (उच्चशिक्षित कामगारांच्या) परमिटवर गेलात तर पगाराची अट बरीच कमी असते, २०२५ मध्ये ती महिन्याला २,९८९ युरो होती, तेच ही सवलत नसली तर तिशीच्या आतल्यांना ४,१७१, आणि एवढा पगार फ्रेशरला बियाणं कंपनी देत नाही. झूकयारचा अर्ज डिग्रीनंतर ३ वर्षांच्या आत करता येतो, पण बँकेचा हप्ता एका वर्षातच सुरू होतो, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरलाच सीव्ही पाठवायला लागा.