फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याने दोघांचा सायकलप्रवास : या चुका टाळा

फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतातल्या रोस्कॉफ बंदरापासून स्पेनच्या सीमेवरील आंदायपर्यंत ‘व्हेलोदिसे’ हा बाराशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा सायकलमार्ग जातो. आपल्याकडची जोडपी त्याचा एखादा तुकडा निवडतात आणि घरी बसून रोजच्या किलोमीटरांचा तक्ता तयार करतात. आम्हीही तेच केले होते. या किनाऱ्यावरचा दिवस मात्र भरती-ओहोटी, वारा, फेरीबोटीची वेळ आणि जेवणाची वेळ ठरवतात, आणि बहुतेक अडचणी या चार गोष्टी तक्त्यात नसल्यामुळेच उभ्या राहतात.

न्वारमुत्ये बेटाकडे जाणारा ‘पासाज द्यु ग्वा’ हा चार किलोमीटरांहून थोडा लांब रस्ता भरतीच्या वेळी संपूर्ण पाण्याखाली जातो. पूर्ण ओहोटीच्या साधारण दीड तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंतच तो ओलांडता येतो आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आम्ही आदल्या दिवशीची वेळ गृहीत धरून सकाळी पोहोचलो, तेव्हा समोर फक्त पाणी होते. रस्त्याच्या दोन्ही टोकांना लावलेले वेळापत्रक तारीख पाहूनच वाचावे. वाऱ्याने समुद्र खवळलेला असेल, तर ही मुदत आणखी कमी धरावी. रस्त्यावर शेवाळ आणि ओला चिखल असतो, म्हणून ब्रेक हलके लावावेत आणि निघण्याची घाई मुदतीच्या सुरुवातीला करावी, शेवटी नव्हे. वाटेत पाणी चढू लागलेच, तर सायकली सोडून रस्त्याकडेच्या उंच आश्रयखांबावर चढावे, कारण कोकणात खाडीची भरती पाहिलेल्या माणसालाही येथील सपाट किनाऱ्यावर पाणी किती वेगाने पसरते याचा अंदाज येत नाही. वेळ जुळत नसेल, तर बेटावर जाणारा पूल आहेच.

दुसरी चूक दोघांच्या वेगाची आहे, आणि माझ्या मते सहलीचा आनंद सर्वांत जास्त तीच नासवते. एकजण पुढे जाऊन थांबतो, मागचा पोहोचताच लगेच निघतो, त्यामुळे दमलेल्या माणसाला विश्रांती मिळतच नाही आणि संध्याकाळी भांडण जेवणावरून होते, जरी खरे कारण चढावरची दमछाक असते. हळू चालवणाऱ्याने पुढे राहावे, वेग त्यानेच ठरवावा आणि जड पिशव्या दुसऱ्याने आपल्या कॅरिअरवर घ्याव्यात. फरक फारच असेल, तर एकासाठी विजेवर चालणारी सायकल भाड्याने घेण्यात कमीपणा नाही. तिची मदत ताशी २५ किलोमीटरांपर्यंतच मिळते, त्यामुळे ती दुसऱ्याला मागे टाकून पळत नाही. मात्र दोन्ही सायकलींच्या चाकांचे माप आणि ट्यूबचा वॉल्व्ह एकच आहे याची खात्री दुकानातच करून घ्यावी. आपल्या साध्या सायकलींचा वॉल्व्ह तिकडे सहसा दिसत नाही; बारीक प्रेस्टा किंवा मोटारीसारखा श्रेडर असतो. दोन सायकलींना दोन प्रकारच्या ट्यूब लागल्या, तर सामान दुप्पट होते आणि नेमकी हवी ती ट्यूब संपलेली असते.

मार्ग शक्यतो उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावा, कारण उन्हाळ्यातील चांगल्या हवेत वारा बहुधा वायव्येकडून येतो. तरीही दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो, म्हणून उघड्या किनाऱ्याचा टप्पा सकाळी संपवून पाइनच्या जंगलातील वाट दुपारसाठी राखावी. तेथे डांबरावर वाळू साचलेली असते. तिच्यावर हँडल वळवू नये, सरळ जाऊ द्यावे. कडक उन्हाळ्यात आगीच्या भीतीने या वाटा बंदही होतात. २०२२च्या जुलैमध्ये याच किनाऱ्यावरील आर्काशों गावाजवळ सुमारे ७,००० हेक्टर जंगल जळाले होते, म्हणून वाट बंद करणारा अडथळा दिसल्यास तो ओलांडू नये.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे हे सर्वांना माहीत असते, पण चूक होते ती सकाळी रिकाम्या गल्लीतून निघताना. कानात इयरफोन घालून सायकल चालवल्यास १३५ युरो दंड आहे. लहान गावांत दुपारी दोननंतर गरम जेवण मिळणे कठीण असते आणि रविवारी दुपारी दुकाने बंद असतात. शाकाहारी जोडप्याने तर एका वेळचे जेवण नेहमी पिशवीत ठेवावे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील जिरोंद आणि लांद या जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर घामेजून पोहोचल्यावर शांत दिसणाऱ्या पाण्यात उतरण्याचा मोह होतो. वाळूच्या बांधामागे साचलेल्या या डबक्यांना तेथे ‘बाइन’ म्हणतात आणि त्यांतील पाणी फटीतून समुद्राकडे जोराने ओढले जाते. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरावे, आणि एकाने काठावर थांबावे. ओढले गेलात, तर प्रवाहाविरुद्ध हात मारून दमू नये. तरंगत राहून हात वर करावा.

परतीची गाडी शेवटी शोधणे ही नेहमीची चूक. जलद टीजीव्ही गाड्यांत सुटी न केलेल्या सायकलीसाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते आणि एकाच गाडीत दोन जागा उन्हाळ्यात लवकर संपतात. त्या न मिळाल्यास चाके काढून सायकल जास्तीत जास्त १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत घालावी. म्हणून तशा दोन पिशव्या आणि पेडल काढायचा पाना निघतानाच सामानात ठेवावा.